चिंतनपर लेखाचा कच्चा खर्डा वर्गमित्राच्या हाती देताना

बी.एड.च्या किंवा समाजकार्याच्या वर्गातले दहा चिंतनपर लेख, म्हणजे स्वतःच्या कामाच्या अनुभवावर विचार करून लिहिलेले लेख, उचलून फक्त शेवटची ओळ वाचा. ‘या अनुभवातून मला खूप काही शिकायला मिळाले.’ दहातल्या सहा-सात लेखांत ती या ना त्या रूपात सापडते. काय शिकायला मिळालं हे मात्र लेखात कुठेच नसतं. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, कारण शिकलेलं त्याच्या डोक्यात असतं आणि कागदावर ते उतरलंय असं त्याला मनापासून वाटत असतं. कागदावर नेमकं काय उतरलं, हे दुसरा माणूस वाचल्यावरच कळतं. वर्गमित्राकडून अभिप्राय घ्यायचा तो एवढ्यासाठी. तुमचा लेख सुधारून देणं हे त्याचं काम नाही. आपल्याला काय कळलं आणि कुठे अडलं, हे सांगणं हे त्याचं काम.

२०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतली आंतरवासिता (इंटर्नशिप) वीस आठवड्यांची झाली आणि असं लेखन वाढलं. आता पदवीच्या क्षेत्रीय प्रकल्पांनाही ते जोडलेलं असतं. लेख साधारण ७०० ते १००० शब्दांचा मागतात. पुढची सगळी मापं ८०० शब्दांचा लेख धरून दिली आहेत.

खर्डा द्यायच्या अवस्थेत आणणं

अर्धवट लेख देऊ नका. ‘शेवट अजून लिहायचाय, पण तू बघ तोवर’ असं म्हणून दिलेल्या लेखावर ‘शेवट नाहीये’ एवढाच अभिप्राय येतो. दुसऱ्या टोकाला, चार वेळा घासूनपुसून चकचकीत केलेला लेखही देऊ नका. त्यातलं वाक्य काढायला तुमचाच हात धजणार नाही. एकदा शेवटपर्यंत लिहून झाला, एकदा स्वतः वाचला, की द्या.

हाताने लिहिला असेल तर फुलस्केपवर एक ओळ सोडून लिहा आणि उजवीकडे कागदाचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. झेरॉक्स काढतानाही तो समास कापला जाणार नाही हे बघा. टाइप केला असेल तर दीडपट ओळ-अंतर आणि १२ किंवा १३ आकाराचा युनिकोड फाँट ठेवा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. मग बिचारा वाचक ‘छान आहे’ म्हणून मोकळा होतो. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या. हे फार लहान काम, पण बोलताना ‘ते मधलं ते’ असं शोधण्यात जाणारा निम्मा वेळ त्याने वाचतो.

वर एक चिठ्ठी जोडा, तीन ओळींची. हा लेख कोण वाचणार आहे, मला स्वतःला कुठे शंका आहे, आणि कशावर शेरा नको. उदाहरणार्थ: ‘मार्गदर्शक मॅडम वाचतील. परिच्छेद ४ नंतर उडी मारल्यासारखी वाटते का? शुद्धलेखन मी शेवटी बघणार आहे, ते सोड.’ ‘कसा वाटला सांग’ हा प्रश्न विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं, आणि ते तुम्हालाही पाठ आहे.

लेखात शाळेतल्या मुलाचं, वस्तीवरच्या बाईचं किंवा दवाखान्यातल्या पेशंटचं खरं नाव असेल तर ते देण्याआधीच बदला. पक्की प्रत करताना बदलू म्हणाल, तर तोवर खर्डा तीन मोबाईलवर फिरलेला असतो.

वाचक कोण असावा

तिघांचा गट सर्वांत बरा. दोघांत एकाच मतावर भिस्त राहते. चौघे झाले की वेळ पुरत नाही आणि चौथा ‘दोघांनी सांगितलंच आहे’ म्हणून गप्प बसतो. जिवलग मैत्रीण शक्यतो नको. ती तुमचा अनुभव आधीच ऐकून बसलेली असते. लेखात जे नाही तेही तिला ऐकीव माहितीवरून दिसतं.

हीच अडचण गावाच्या बाबतीतही येते. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, स्वयंसेवक म्हणून केलेल्या कामावर लेख असेल, तर सोलापुरात वाढलेल्या वाचकाला ‘नंदीध्वज आले आणि गर्दी सरकली’ एवढं पुरतं. नंदीध्वज म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या. बाराबंदी हा पांढरा पारंपरिक अंगरखा घातलेली माणसं, काठीचा तोल सांभाळणारे खांदे, रस्ता मोकळा करताना होणारी ओढाताण, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि ते लेखाने उभं केलं असं त्याला वाटतं. अक्षता सोहळ्याच्या (यात्रेतल्या लग्नविधीच्या) दिवशी तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याजवळ उभं राहणं म्हणजे काय, हे सांगोल्याहून आलेल्या मुलीला कळलं का, हे तपासायला सांगोल्याचीच मुलगी लागते. सोलापूरचं विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरतं असलं, तरी वर्गात अक्कलकोट, बार्शी, करमाळा, पंढरपूर सगळीकडची मुलं असतात. तिघांत किमान एक जण विषयाला परका ठेवा. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यावर लेख असेल, तर ज्याच्या घरी माग नाही असा एक वाचक हवाच.

वेळ सव्वा तास धरा. प्रत्येकाने दोन लेख वाचायचे, एका लेखाला २२ मिनिटं. मग प्रत्येक लेखावर १० मिनिटं बोलणं. वाचनालयाच्या अभ्यासिकेत वाचन होतं, बोलणं होत नाही. त्यामुळे रिकामी वर्गखोली बघा. उन्हाळी सत्रात हे काम सकाळच्या तासांआधी उरका. सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता कुणी कुणाचा लेख लक्ष देऊन वाचतो, यावर आमचा विश्वास नाही.

वाचणं: आधी हातात पेन नको

पहिल्यांदा लेख सलग वाचा, सहा-सात मिनिटांत. पेन खाली ठेवा. पेन हातात असलं की नजर ऱ्हस्वदीर्घाकडेच जाते. ‘शिक्षीका’ दिसली की गोल काढायचा मोह आवरत नाही आणि लेख काय म्हणतोय ते राहूनच जातं. वाचून झालं की कागद उलटा ठेवा आणि न बघता एक वाक्य लिहा: ‘हा लेख म्हणजे ... ची गोष्ट आहे.’ लेखकाने मनात धरलेलं वाक्य आणि तुमचं वाक्य यांत फरक पडला, तर तोच सगळ्यांत मोलाचा अभिप्राय. बाकी काही जमलं नाही तरी हे एक वाक्य लेखकाला द्या.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या. समासात प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा. काय घडलं असं वाक्य असेल तर ‘व’, वर्णन. काय वाटलं, तर ‘भा’. चांगलं-वाईट, यशस्वी-अयशस्वी असा निर्णय देऊन टाकला असेल तर ‘नि’, निवाडा. असं का झालं, माझं काय चुकत होतं किंवा जमत होतं, याचा शोध असेल तर ‘का’. पुढे काय केलं किंवा करणार, तर ‘पु’. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये चिंतनाचे सहा टप्पे मांडले: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. अनेक महाविद्यालयांत तेच शिकवतात, आणि ही अक्षरं साधारण त्यांच्याशी जुळतात. पण टप्पे पाठ असून भागत नाही. मथळे देऊन सहा परिच्छेद पाडले तरी ‘विश्लेषण’ या मथळ्याखाली पुन्हा वर्णनच लिहिलेलं सापडतं. वाक्यावाक्याची खूण ते उघडं पाडते.

एक नमुना घेऊ. उदाहरणासाठीच रचलेला आहे.

*‘आंतरवासितेच्या तिसऱ्या आठवड्यात मी सहावीच्या वर्गावर अपूर्णांकांचा पाठ घेतला. फळ्यावर भाकरीचे चित्र काढून समान भाग समजावले. मुलांनी खूप चांगला प्रतिसाद दिला. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र लक्ष देत नव्हता. मी त्याला दोन वेळा उभे केले. या पाठातून मला खूप काही शिकायला मिळाले व शैक्षणिक साधनांचे महत्त्व कळले.’*

सहा वाक्यं. खुणा: व, व, नि, नि, व, नि. ‘का’ एकही नाही, ‘पु’ एकही नाही. ‘लक्ष देत नव्हता’ हे वर्णनासारखं दिसतं, पण तो निवाडाच आहे. मुलगा काय करत होता ते कुठे आलंय? चिंतनपर लेखात असे वर्णनाचा वेष घेतलेले निवाडे पुष्कळ असतात: ‘वातावरण उत्साही होते’, ‘महिला सहकार्य करत नव्हत्या’, ‘मुले रमून गेली’. यांतला एक जरी पकडून दिला तरी वाचकाचं काम सार्थकी लागलं.

शेरा लिहिणं

कामाच्या शेऱ्यात तीन गोष्टी असतात. नेमकी जागा, तिथे वाचणाऱ्याला काय झालं, आणि एक प्रश्न. उपाय नसतो.

वरच्या परिच्छेदावर नेहमी येणारा शेरा असा: ‘छान लिहिलंयस. थोडं खोलात जा. शुद्धलेखन बघ.’ यातलं एकही वाक्य वापरता येत नाही. खोलात जायचं, पण कुठल्या वाक्याशी?

आता हा बघा: ‘वाक्य ५, दोन वेळा उभं केलंस, इथे मी थांबले. पहिल्यांदा तो काय बोलला? दुसऱ्यांदा का उभं केलंस? लक्ष देत नव्हता हे तुला कशावरून कळलं, तो हाताने काय करत होता? मला लेखाचा खरा विषय इथे दिसतोय, पण पुढच्या ओळीत तू साधनांच्या महत्त्वावर गेलीस.’

तिने काय लिहावं हे वाचकाने सांगितलेलं नाही. ‘त्या मुलाची घरची परिस्थिती वाईट असेल, ते टाक’ असा शेरा दिला असता, तर मुलीने ते टाकलंही असतं, आणि लेखात एक खोटी गोष्ट शिरली असती. चिंतनपर लेखात ही फार मोठी जोखीम. कथेला नवा प्रसंग सुचवता येतो. इथे अनुभव लेखकाचा असतो, त्यामुळे वाचकाच्या हाती प्रश्न तेवढे राहतात.

एका लेखावर तीन ते पाच शेरे बस झाले. वीस शेऱ्यांचा कागद मिळाला की लेखक सोपे वीस बदल करतो आणि अवघड एक सोडून देतो. त्या तीन-पाचांत एक शेरा चाललेल्या गोष्टीवर असू द्या, पण तोही नेमका: ‘परिच्छेद ३ मधलं पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या बाईचं वाक्य काढू नकोस, तिथे मला वस्ती दिसली.’ हे तोंडदेखलं कौतुक नव्हे. दुरुस्तीच्या नादात चांगली वाक्यंच आधी उडतात, म्हणून ती आधीच राखून ठेवायची.

भाषेबद्दल एक सूचना, आणि ती सोलापुरात जास्त लागू पडते. लेखातल्या संवादात कुणी ‘काय करलालाय बे?’ म्हणत असेल तर ते ‘काय करतो आहेस?’ असं सुधारू नका. तेलुगू-कन्नड घरातल्या मुलाच्या तोंडचं मराठी जसं ऐकलं तसंच कागदावर राहिलं, तर तो पुरावा असतो. निवेदन प्रमाण भाषेत, संवाद जसाच्या तसा, एवढं ठरवून टाका.

गुगल डॉक्सवर शेरे देत असाल तर वाक्य स्वतः बदलू नका. फक्त टिप्पणी टाका. ‘सजेस्टिंग’ चालू करून दिलेली नवी वाक्यं लेखक एका टिचकीत स्वीकारतो आणि मग लेखात दोन माणसांचे आवाज येऊ लागतात. परीक्षकाला ते लगेच कळतं.

समोरासमोरची दहा मिनिटं

पहिली पाच मिनिटं लेखकाने तोंड उघडायचं नाही. फक्त लिहून घ्यायचं. हा नियम जाचक वाटतो, पण तोडला की काय होतं ते बघा. वाचक म्हणतो, ‘इथे मला कळलं नाही’. लेखक लगेच सांगतो, ‘अगं, ते असं झालं होतं की...’ आणि दोन मिनिटांत सगळं छान समजावतो. वाचकाचं समाधान होतं, शेरा मिटतो, आणि समजावलेलं ते सगळं लेखाबाहेरच राहतं. गप्प बसवत नसेल तर निदान एक करा: जे तोंडाने समजावलंत ते त्याच क्षणी त्या परिच्छेदापुढे टिपून ठेवा. लेखात हवी असलेली वाक्यं बहुतेक वेळा तीच असतात.

उरलेल्या पाच मिनिटांत लेखकाने प्रश्न विचारायचे. बचाव करायचा नाही. ‘तुला तो लक्ष देत नव्हता असं वाटलं की मी तसं म्हणतेय असं वाटलं?’ हा चांगला प्रश्न.

शेरे हातात आल्यावर

त्याच संध्याकाळी दुरुस्ती करायला बसू नका. एक रात्र जाऊ द्या. शेरा टोचलेला असतो. टोचलेल्या माणसाच्या हातून एक तर काहीच बदलत नाही, नाही तर सगळंच बदलून जातं.

दुसऱ्या दिवशी सगळे शेरे एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे ‘करणार’, ‘नाही करणार’ किंवा ‘वेगळं करणार’ असं लिहा, सोबत अर्ध्या ओळीत कारण. ‘नाही करणार’ लिहायला घाबरू नका. मात्र कारण सुचलंच नाही, तर तो शेरा बरोबर असण्याची शक्यता दाट असते.

दोन वाचक उलटसुलट बोलले की मुलं गोंधळतात. एक म्हणतो भाकरीचं चित्र काढून टाक, दुसरी म्हणते ते छान आहे, वाढव. यात कुणाची बाजू घ्यायची? कुणाचीच नाही. दोघं एकाच जागी अडखळले, हे महत्त्वाचं. भाकरी लेखात आली, पण तिला काही काम दिलेलं नाही. पाठात पुढे ती उपयोगी पडली असेल तर तसं लिहा. नसेल तर काढा. उपाय दोघांचा चुकीचा असू शकतो, अडखळणं क्वचितच चुकीचं असतं.

दुरुस्ती मोठ्याकडून लहानाकडे करा. आधी लेख कशाबद्दल आहे ते ठरवा, मग परिच्छेदांचा क्रम, मग वाक्यं, आणि सगळ्यात शेवटी शुद्धलेखन. उलट क्रमाने गेलात तर जे वाक्य उद्या काढायचंय त्याचं ऱ्हस्वदीर्घ आज तपासत बसाल. ८०० शब्दांत वर्णन ३०० शब्दांच्या पुढे गेलं असेल, तर पहिला परिच्छेद पूर्ण झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. शाळेचा पत्ता, स्थापना, पटसंख्या, मुख्याध्यापकांनी केलेलं स्वागत हे गेलं तरी बहुधा काही अडत नाही.

त्या मुलीचा परिच्छेद दुरुस्तीनंतर असा होऊ शकतो:

*‘मागच्या बाकावरचा मुलगा मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवत होता आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. मला ते दुर्लक्ष वाटले आणि रागही आला, कारण मागे निरीक्षक बसल्या होत्या. “चार भागांतला एक म्हणजे किती?” असे विचारून त्याला उभे केले; तो गप्प राहिला. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा शेजारचा म्हणाला, “मॅडम, त्याला येतंय की, तो तेलुगूत सांगलालाय.” वहीत त्याने चौकोनाचे चार भाग करून एक रंगवला होता. उत्तर वहीत होते आणि मी ते त्याच्या तोंडून, तेही मराठीत, मागत होते. मुलाला समजले की नाही हे मी केवळ त्याच्या बोलण्यावरून ठरवते, हे त्या तासाला माझ्या लक्षात आले. पुढच्या पाठात आधी वहीत काढून दाखवायला सांगितले, बोलणे नंतर. तो त्या वेळीही बोलला नाही, पण वही त्याने स्वतःहून वर धरली.’*

नऊ वाक्यं: पाच ‘व’, एक ‘भा’, दोन ‘का’, एक ‘पु’. निवाडा एकही उरलेला नाही. वर्णन अजून निम्म्याहून जास्त आहे, आणि ते चालतं, कारण वही, पुटपुटणं आणि शेजाऱ्याचं वाक्य यांवरच पुढची दोन ‘का’ उभी आहेत. म्हणजे खुणांची मोजदाद हा ताप मोजायचा थर्मामीटर. आकडा बघून औषध आपल्याला ठरवायचं असतं. भाकरी गेली. साधनांचं महत्त्वही गेलं, कारण या प्रसंगातून ते निघतच नव्हतं. ‘निरीक्षक बसल्या होत्या’ हे कबूल करायला जड गेलं असणार, पण राग मुलावर नव्हता हे त्या अर्ध्या वाक्याने कळतं.

कबुलीचीही हद्द असते. घरातली भांडणं, आजारपण, कुणाचं खासगी दुःख वाचकाच्या प्रश्नामुळे वर आलं, तरी ते लेखात घालायलाच हवं असं नाही. वाचकानेही ‘आणखी सांग ना’ म्हणून रेटू नये. लेख मार्कांसाठी आहे आणि तो फाइलला लागून वर्षानुवर्षं कपाटात राहणार आहे.

बदल झाले की पक्की प्रत करण्याआधी लेख एकदा मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. मग शुद्धलेखन बघा, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी करायला द्या; स्वतःच्या चुका आपल्या डोळ्यांना बरोबर दिसतात. अंतर्गत गुणांसाठी बदलांची नोंद मागितली असेल तर ‘करणार / नाही करणार’चा तो कागदच स्वच्छ उतरवून जोडा, वेगळं काही रचू नका. पहिला खर्डाही फेकू नका; तोंडी परीक्षेत ‘काय बदललंत?’ असं विचारलं तर दोन्ही प्रती शेजारी ठेवता येतात. आणि पक्की प्रत त्या दोन वाचकांना पाठवा. आपल्या कुठल्या प्रश्नाने लेख हलला हे त्यांना दिसलं, तर पुढच्या वेळी त्यांचे शेरे ‘छान आहे’वर थांबत नाहीत.